लाचेची पावती

मी लाच दिली आणि तिची पावती मागितली. पावती मिळालीही. तिच्यावर माझं नाव होतं, तारीख होती, आणि पैसे कशाचे घेतले ते सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. ‘जरा स्वच्छ लिही रे’ असं मीच सांगितलं होतं.

माणूस एवढा मूर्ख जन्मतः नसतो. त्यासाठी त्याला साडू असावा लागतो.

माझी बायको मोठी, तिची बहीण धाकटी. म्हणजे मुलुंडच्या सासुरवाडीत थोरला जावई मी. तीन वर्षं मी तिथे एकटाच जावई होतो, ते माझे सोन्याचे दिवस. मग बोरिवलीहून साडू आला. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी सासूबाईंनी सुरमई केली होती. ताटं वाढताना त्या मला म्हणाल्या, “त्यांना काट्यांची सवय नाही हो, मधली तुकडी त्यांना देते. तुम्हाला शेपटीकडची चालेल ना?” मी म्हणालो, चालेल. त्या एका ‘चालेल’वर मी नऊ वर्षं शेपटी खातोय. साडू आता काटे लीलया काढतो, पण मधली तुकडी त्याच्याकडे गेली ती गेली.

तो दुष्ट असता तर सोपं होतं. तो चांगला आहे. सासऱ्यांच्या डोळ्यांत थेंब किती वाजता घालायचे ते त्याला पाठ असतं. मला दादा म्हणतो, अहो-जाहो करतो. माझ्या वाढदिवसाला त्याने मला हेडफोन दिले, चांगले, महागातले, आणि म्हणाला, “दादा, आमच्या सर्व्हरवर या ना. संध्याकाळी धमाल असते.” ज्याला आपण संपवायला निघालोय त्याच माणसाने आपल्याला हेडफोन द्यावेत, यासारखी पंचाईत नाही.

सर्व्हर म्हणजे कॉम्प्युटरवर वसवलेलं एक शहर. अंधेरीच्या एका बाई ते चालवत, त्यांना सगळे मॅडम म्हणत. खेळणारे सगळे आपापल्या घरी बसून एकाच वेळी त्या शहरात शिरायचे, हेडफोनवरून एकमेकांशी बोलायचे, आणि तिथे कामधंदा करायचे. कोणी हवालदार, कोणी वडेवाला, कोणी डॉक्टर. माझ्या आईने एकदा मागे उभं राहून पाच मिनिटं सगळं पाह्यलं आणि विचारलं, “पगार गावता?” मी म्हटलं, नाही. “मगे कित्याक करतंस?” मी हेडफोन पुन्हा कानाला लावले.

मी तिथे रिक्षा घेतली. नाहूरच्या आमच्या बिल्डिंगपासून स्टेशनपर्यंत जायला आजवर जितक्या रिक्षावाल्यांनी मला नकार दिला, त्या सगळ्यांचा हिशेब मनात होता. पहिल्याच संध्याकाळी मी अकरा जणांना “नाही जाणार” म्हटलं. समोरचा बिचारा हातात पिशवी घेऊन उभा, आणि मी मान फिरवून म्हणतोय, नाही जाणार. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. बाराव्या वेळेला मॅडमचा स्वतःचा आवाज आला, की रिक्षा चालवायची असेल तर चालवा, नाहीतर परमिट काढून घेते. मग मी सुधारलो.

साडूही रिक्षाच चालवायचा. शहरात स्टेशनबाहेर एकच स्टँड. रिक्षांची लाइन लागायची, पुढच्याला आधी भाडं, परत आलं की शेपटाला उभं राहायचं. संध्याकाळी सातला सगळे शहरात उतरायचे, तेव्हा जो पुढे असेल त्याच्या रात्रीपर्यंत सात-आठ फेऱ्या व्हायच्या, मागच्याच्या जेमतेम चार. मी ऑफिसातून धापा टाकत घरी यायचो (लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत आहे, लोक बंद लिफ्टमधून मला फोन करतात आणि शिव्या देतात), चपला काढायच्या आधी कॉम्प्युटर लावायचो, आणि बघावं तर लाइनीत पहिली रिक्षा साडूची. रोज. त्यालाही ऑफिस आहे, तोही बोरिवलीपर्यंत येतो, मग हा पहिला कसा?

तरी मी गप्प बसलो असतो. पण मॅडमनी फेरीबोट काढली.

मनोरीला जाणाऱ्या फेरीबोटीचे ढीगभर फोटो काढून आणून त्यांनी ती हुबेहूब बनवली होती. खाडीच्या अलीकडे धक्का, पलीकडे बेट, मध्ये बोट. बोटीवर तांडेल एकच, त्याच्याच हाती सुकाणू. मॅडमनी जाहीर केलं की महिनाअखेर ज्याच्या फेऱ्या सर्वांत जास्त, तो तांडेल. कायमचा. शिवाय एक नियम पुन्हा वाचून दाखवला: कुणी पैसे देऊन आत कसलीही सवलत घेतली, तर त्याच्या सगळ्या फेऱ्या पुसल्या जातील.

तांडेल व्हायचंच, असं मी ठरवलं. खरं सांगायचं तर बोटीचं मला काही नव्हतं. मला एवढंच पाहिजे होतं, की मी सुकाणूवर उभा आहे आणि साडू माझ्या बोटीत बाकड्यावर बसलाय, आणि मी त्याला सांगतोय, जरा सरकून घ्या, बाकीच्यांनाही बसू दे. हे वाक्य मी आंघोळ करताना म्हणून पाह्यलं होतं.

दहा दिवसांत साडू माझ्यापुढे पंचवीस फेऱ्या गेला. तेव्हा स्टँडवरच्या एका रिक्षावाल्याने मला बाजूला घेऊन, म्हणजे खासगी मेसेज करून, सांगितलं, की मॅडमच्या हाताखालचा जो मॉडरेटर आहे, भांडणं मिटवणारा, दंड लावणारा, तो गुपचूप ‘पुढचा नंबर’ विकतो. आपण शहरात आलो की आपली रिक्षा आपोआप लाइनीत पहिली. घाटकोपरला त्याचं मोबाइल दुरुस्तीचं काउंटर आहे, तिथे जायचं आणि रिक्षाचं कव्हर मागायचं.

मला एकदम सगळं दिसलं. साडू घेतो. डोळ्यांत थेंब घालणारा, काट्यांची सवय नसलेला, गरीब गाय दिसणारा माझा साडू रोज पुढचा नंबर विकत घेतो.

माझ्या मनात जी योजना तयार झाली ती अशी: आपणही घाटकोपरला जायचं, नंबर घ्यायचा, पुरावा हातात ठेवायचा, आणि मॉडरेटर आणि साडू दोघांनाही एका दगडात पाडायचं. आता पुरावा म्हटलं की मला पावतीच सुचते. सहा वर्षं मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. टाकी धुणाऱ्याकडूनसुद्धा पावती घेतो. गणपतीच्या वर्गणीची पावती मिळाली नाही तर मला प्रसाद गोड लागत नाही.

काउंटर स्टेशनच्या पूर्वेला होतं, एका वडापावच्या गाडीला चिकटून. मॉडरेटर आवाजावरून पन्नाशीचा वाटायचा, निघाला पंचविशीचा. हातात स्क्रूड्रायव्हर, समोर उघडलेला फोन.

“बोला काका.”

“कव्हर पाहिजे.”

“मॉडेल?”

“रिक्षा.”

त्याने मान वर केली. “कोणी पाठवलं?”

मी स्टँडवरच्या माणसाचं सांगितलं. त्याने इकडेतिकडे पाह्यलं आणि आवाज खाली आणला. “सिंपल आहे काका. आज रात्रीपासून चालू. आलात की तुम्ही पहिले. कोणी विचारलं तर लवकर आलो म्हणायचं. विषय संपला.”

मी पैसे दिले. आणि मग विचारलं, “पावती?”

“कसली?”

“दिले ना मी तुला.”

“काका, ही सेटिंग आहे. सेटिंगची पावती नसते.”

“असं कसं. उद्या तू नाही म्हणालास तर?”

“मी कशाला नाही म्हणू? मलाच उलट भीती, तुम्ही हो म्हणाल म्हणून.”

मागे एक बाई बंद पडलेला फोन घेऊन उभी होती, ती म्हणाली, “भाऊ, किती वेळ लागेल तुमचं?” त्याने वैतागून बिलबुक ओढलं आणि ‘१ कव्हर’ असं लिहिलं. मी म्हटलं, कव्हर कुठेय? खरं काय ते लिही. त्याने माझ्याकडे असं पाह्यलं, जसं आमच्या लिफ्टकडे आम्ही बघतो, की ही दुरुस्त होणार नाही, बदलावीच लागेल. मग त्याने खरोखर लिहिलं: रिक्षा स्टँड, पुढचा नंबर, एक महिना. खाली सही.

“आता जा काका.”

“एक सांग. बोरिवलीचा एक घेतो ना तुझ्याकडून?”

“आपण कस्टमरचं नाव घेत नाही.”

“म्हणजे घेतो.”

“मी असं बोललो का?”

मी डोळा मारला. त्याने मारला नाही. मला वाटलं, धंद्यातली शिस्त असेल.

तक्रार मी दुसऱ्याच दिवशी करणार होतो. पण म्हटलं, माल चालतो की नाही ते तरी बघू, नाहीतर पुरावा अर्धवट राहील. संध्याकाळी शहरात शिरलो, तर माझी रिक्षा सगळ्यांच्या पुढे. साडूची दुसरी. हेडफोनमधून त्याचा आवाज आला, “अरे वा दादा, आज लवकर सुटलात?”

“सुटलो,” मी म्हणालो, आणि त्याच्या नाकासमोरून पहिलं भाडं घेऊन गेलो.

ज्यांनी कधी असं केलं नसेल त्यांना मी काय सांगू. नऊ वर्षांच्या मधल्या तुकड्या एका संध्याकाळी खाल्ल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, एक दिवस आणखी. तिसऱ्या दिवशी मी आरशात बघून रिक्षा मागे घेताना मुद्दाम त्याच्यासमोर हॉर्न वाजवला. पाचव्या दिवशी त्याला म्हणालो, “काय रे, मागे पडतोयस? तब्येत बरी आहे ना?” तो म्हणाला, “बरी आहे की. तुमचा हात बसला दादा, छान चालवता आता.” असा माणूस असतो का? जरा चिडला असता, तर कदाचित मी तिथेच थांबलो असतो. पण तो चिडत नव्हता, आणि जोवर तो चिडत नाही तोवर माझा सूड पुरा होत नव्हता.

दहाव्या संध्याकाळी माझ्या फेऱ्या त्याच्याहून नऊने जास्त झाल्या. महिना संपायला तीन दिवस होते. मी गप्प बसलो असतो तरी तांडेल झालो असतो. बायकोला मी लाचेचं सांगितलं नव्हतं, पण पुढे आहे हे सांगितलं होतं, आणि आता साडूची तक्रार करतोय हेही सांगितलं. ती म्हणाली, “पुढे आहेस ना? मग बस ना गुपचूप.”

“तुला नाही कळायचं,” मी म्हटलं. “नुसतं हरून तो सुधारणार नाही.”

“त्याने काय बिघडवलंय तुझं?”

मी सुरमईचं सांगितलं नाही. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला ते मोठ्याने सांगता येत नाही.

अकराव्या दिवशी मी मॅडमना तक्रार लिहिली, सोसायटीच्या पत्राच्या धर्तीवर, विषय वगैरे घालून. मॉडरेटर सवलती विकतो, अमुक एक रिक्षाचालक त्या विकत घेतो, आणि हे उघडकीस आणण्यासाठी मी स्वतः जोखीम पत्करून एक सवलत खरेदी केली आहे, सोबत पावतीचा फोटो. पत्र मला इतकं आवडलं की मी ते दोनदा वाचलं. दोनदा वाचूनही त्यातली भानगड माझ्या लक्षात आली नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी चारला, मॅडमनी सगळ्यांना धक्क्यावर बोलावलं. चाळीसेक माणसं जमली. बोट मागे डुलत होती, नवीकोरी. एका बाजूला मॉडरेटर, एका बाजूला साडू, मध्ये मी, छाती काढून.

मॅडमनी आवाज न चढवता सुरुवात केली. “पावतीवर सही तुझीच ना?”

मॉडरेटर म्हणाला, “हो मॅडम.”

“सवलती विकतोस?”

“ही एक विकली. बाकी कुठे काही लिहिलेलं सापडलं तर दाखवा.” धक्क्यावर सात-आठ जण एकदम खोकले. त्यांच्यापैकी कोणी पावती मागितली नव्हती.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. “पावती अकरा दिवसांपूर्वीची आहे. तक्रार कालची. मधल्या काळात काय करत होतात?”

“तपास,” मी म्हणालो.

“तपासात किती फेऱ्या झाल्या?”

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, “चौऱ्याऐंशी.” आणि धक्का हसला. चाळीस माणसं एकाच वेळी कानात हसतात तेव्हा हेडफोन चांगले, महागातले असण्याचा त्रास होतो.

मी घाईने साडूकडे बोट दाखवलं. “ते जाऊ दे. याचं विचारा. हा रोज पहिला कसा असतो?”

“ते कधी दुकानावर आलेच नाहीत,” मॉडरेटर म्हणाला. “मी काकांना सांगितलं होतं, मी असं बोललो का म्हणून.”

साडू काही बोलायच्या आत त्याच्या माइकवरून कुकरची शिटी ऐकू आली आणि पाठोपाठ माझ्या मेव्हणीचा आवाज. “मॅडम, मी सांगते. नंबर मी लावून ठेवते. हे ऑफिसातून यायच्या आधी, साडेपाचला, मी रिक्षा स्टँडवर नेऊन उभी करते. दहा मिनिटं हललं नाही तर शहराबाहेर काढतात ना, म्हणून भाजी चिरता चिरता मधेमधे हॉर्न दाबते. आईकडे नळाला हंडा लावून ठेवायचो तसंच. भाऊजी, ताईला माहितीये की हे. ताई म्हणाली नाही का, मी पण तुझ्यासाठी लावते नंबर?”

म्हणाली होती. महिन्याच्या सुरुवातीला म्हणाली होती, आणि मी तिला म्हटलं होतं, तू हात नको लावू, काहीतरी डिलीट होईल.

वडेवाला, खऱ्या आयुष्यातले कोणी निवृत्त गृहस्थ, म्हणाले, “बरोबर आहे. मी असतो ना साडेपाचला. आम्ही गप्पा मारतो. परवा त्यांनी मला भरल्या वांग्यांची पद्धत सांगितली.”

मॅडमनी निकाल दिला. घरच्या माणसाने नंबर लावणं चालतं. मॉडरेटरचं पद गेलं. माझ्या सगळ्या फेऱ्या, तपासाच्या आणि बिनतपासाच्या, पुसल्या गेल्या, रिक्षाचं परमिट रद्द. आणि ज्या साडूला मी संपवायला निघालो होतो, त्याला मी स्वतःच्या हाताने तांडेल केलं. मॉडरेटर गेला, तेवढा माझा एक दगड लागला. जाताना त्याने मला मेसेज टाकला: “काका, पुढच्या वेळी जीएसटी पण मागा.”

त्या आठवड्यात मुलुंडला कोणी काही बोललं नाही. साडूने सांगितलंच नव्हतं. मेव्हणीलाही नको म्हणाला होता. मी त्याच्याकडे बघत जेवलो. निघताना तो जिन्यात म्हणाला, “दादा, रिक्षा गेली तर गेली. बोटीवर मला एक खलाशी ठेवता येतो. दोरी सोडायची, बांधायची, बस. तुम्ही येता?”

मी लगेच हो म्हटलं. तो खूश झाला. मी हो का म्हटलं ते त्याला कळलं असतं तर तो खूश झाला नसता.

उद्घाटनाची फेरी शनिवारी संध्याकाळी होती. बोटीत वीस-बावीस माणसं, पुढच्या बाकड्यावर मॅडम. बोट धक्क्याला दोन दोऱ्यांनी बांधलेली, पुढे एक, मागे एक. खलाशाने दोन्ही सोडायच्या आणि उडी मारून बोटीत यायचं. मी पुढची सोडली. मागची तशीच ठेवली. बोट निघणार, दोरी ताणणार, तोंड गर्रकन फिरून बोट धक्क्यावर आपटणार, आणि पहिल्याच फेरीला तांडेलाची सगळ्यांसमोर शोभा होणार, असं साधं गणित. जन्मात एकदाच मी पुरावा न ठेवता काम करत होतो.

“सुटली का दादा?” साडूने विचारलं.

“सुटली,” मी म्हणालो.

बोट निघाली. दोरी ताणली. तोंड फिरायला लागलं, कोणीतरी “अरे अरे” म्हणालं, माझ्या काळजाला गुदगुल्या झाल्या. आणि साडूने शांतपणे बोट मागे घेतली, दोरी सैल केली, आणि म्हणाला, “मागची राहिली वाटतं. होतं असं पहिल्यांदा. सावकाश सोडा, मी धरून ठेवलीय.” तीन संध्याकाळी तो एकट्याने सराव करत होता, हे मला नंतर कळलं.

बोटीतून लोक टाळ्या वाजवायला लागले. मी रागाने वळलो. दोरीचं बटण आणि उडीचं बटण शेजारी शेजारी आहे. मी उडीचं दाबलं, दोनदा दाबलं, आणि धक्क्यावरून सरळ खाडीत गेलो. पोहायचं बटण कुठलं ते मी कधी विचारलंच नव्हतं. रिक्षावाल्याला कशाला लागतं? पडद्यावर मी वर येत होतो, खाली जात होतो. बावीस माणसं कठड्याला टेकून मला बघत होती.

“दादा, घाबरू नका,” साडूचा आवाज आला. “मी थांबतो. तुम्ही वर या, मग निघू.”

मॅडम म्हणाल्या, “उशीर होतोय पण.”

“नाही मॅडम, त्यांना सोडून कसा जाऊ?”

माझी बायको चहाचा कप ठेवायला आली होती. तिने पडद्याकडे पाह्यलं, मग माझ्याकडे पाह्यलं. मग वाकून माझ्या तोंडासमोरचा माइक स्वतःकडे ओढला आणि म्हणाली, “तुम्ही व्हा पुढे. याचं हे रोजचंच आहे.”